अर्ध्या किलोचा टोमॅटो: घरच्या बागेतील पिढीजात वाणांविषयी

मध्य न्यू जर्सीत घरामागे थोडी मोकळी जागा असलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांचा उन्हाळ्यात मेथी, मिरची, भेंडी आणि टोमॅटोचा एखादा वाफा असतोच. टोमॅटोच्या बाबतीत आपल्यापैकी अनेकजण मे महिन्यात रोपवाटिकेत मिळतील ती संकरित रोपे आणून लावतात आणि ऑगस्टमध्ये टोपलीभर लाल, गोल, एकसारखी फळे हाती आली की समाधानी होतात. रोजच्या आमटीभाजीला ती फळे चांगलीच असतात. तरीही ज्यांचे एकेक फळ अर्धा किलो भरते, ज्यांचा आकार कधी चपटा, कधी घड्या पडलेला, कधी अगदी वेडावाकडा असतो, आणि ज्यांच्या एका चकतीवर नुसते मीठ घातले की आणखी काही लागत नाही, असे जुने पिढीजात वाण प्रत्येकाने एकदा तरी स्वतः वाढवून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. त्यांची निगा संकरित वाणांपेक्षा वेगळी असते. ती कुठे आणि का वेगळी असते, हे या लेखात सविस्तर मांडत आहे.

इथे ज्यांना हेअरलूम म्हणतात ते वाण सरळ असतात, म्हणजे त्यांच्या फळातले बी धरून पुढच्या वर्षी लावले तर पुन्हा तसेच झाड येते. कोणत्या सालापूर्वीच्या वाणाला हे नाव द्यावे याबद्दल एकमत नाही, परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित बियाण्यांचा प्रसार होण्यापूर्वीचे आणि एखाद्या घराने किंवा गावाने बी राखून जगवलेले वाण, असा ढोबळ अर्थ बहुतेकांना मान्य असतो. अशा बियाण्यांची देवाणघेवाण संघटितपणे करण्याचे मोठे काम आयोवा राज्यातील डेकोरा येथील ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या संस्थेने केले. डायान ऑट व्हीली आणि केंट व्हीली या दांपत्याने १९७५ मध्ये तिची सुरुवात केली.

माझ्या बागेत दरवर्षी तीन वाण ठरलेले असतात, आणि तिन्हींचा इतिहास मला त्यांच्या चवीइतकाच महत्त्वाचा वाटतो. ब्रँडीवाइन हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध वाण. ओहायोतील बेन क्विझेनबेरी या वृद्ध बी-संग्राहकाकडून तो १९८२ मध्ये सीड सेव्हर्स एक्स्चेंजकडे आला. क्विझेनबेरी यांना ते बी डॉरिस सडथ हिल यांच्याकडून मिळाले होते, आणि हिल यांच्या सांगण्यानुसार त्यांच्या कुटुंबात ते ऐंशीहून अधिक वर्षे लावले जात होते. म्हणूनच जाणकार आजही बी घेताना ‘सडथ’ हा शब्द पाकिटावर आहे की नाही ते पाहतात, कारण ब्रँडीवाइन या नावाखाली इतर अनेक टोमॅटो विकले जातात आणि त्यांतले काही चवीला अगदी सामान्य निघतात. चेरोकी पर्पलचे बी १९९० मध्ये टेनेसीतील सेव्हियरव्हिलच्या जॉन ग्रीन यांनी जुन्या वाणांचे बी जमवणाऱ्या क्रेग लहूलियर यांना टपालाने पाठवले. सुमारे शंभर वर्षांपूर्वी चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीकडून ते आपल्या भागातील लोकांना मिळाले, एवढीच माहिती सोबतच्या पत्रात होती, आणि वाणाला नावही नव्हते. ते लहूलियर यांनी दिले.

तिसरा मॉर्टगेज लिफ्टर. वेस्ट व्हर्जिनियातील लोगन येथे एका चढाच्या पायथ्याशी एम. सी. बाइल्स यांचे गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करण्याचे दुकान होते, त्यामुळे लोक त्यांना ‘रेडिएटर चार्ली’ म्हणत. वनस्पतिशास्त्राचे कोणतेही शिक्षण नसताना त्यांनी जर्मन जॉन्सन या वाणाचे झाड मध्यभागी लावले, त्याभोवती आपल्याला माहीत असलेले मोठ्यात मोठ्या फळांचे इतर वाण गोलाकार लावले आणि त्यांचे पराग मधल्या झाडाच्या फुलांवर हाताने घातले. पुढे काही वर्षे ते उत्तम रोपांची निवड करत राहिले. मग १९४० च्या दशकात त्यांनी या वाणाची रोपे प्रत्येकी एका डॉलरला विकली आणि सहा वर्षांत घरावरचे सहा हजार डॉलरचे गहाणखत फेडून टाकले. वाणाचे नाव त्यावरूनच पडले. मंदीच्या काळातून आलेल्या एका कारागिराने केवळ निरीक्षण आणि चिकाटी यांच्या बळावर केलेले हे काम मला फार मोठे वाटते.

चवीबद्दल बोलताना जुने ते सोने एवढे म्हणून थांबणे मला पटत नाही, कारण या चवीला शास्त्रीय कारणेही आहेत. पिकण्यापूर्वी या वाणांच्या फळांचा देठाकडचा भाग गडद हिरवा असतो. बाजारासाठी वाण तयार करणाऱ्यांना फळ सर्वत्र एकसारखे पिकलेले हवे होते, म्हणून त्यांनी सुमारे सत्तर वर्षे फिकट, एकसारख्या हिरव्या रंगाच्या फळांचीच निवड केली. या निवडीत ज्या जनुकात बिघाड झालेला असतो, तो फळातील हरितकणांच्या वाढीसाठी आवश्यक असतो, आणि तो बिघडल्यामुळे फळाला स्वतः साखर तयार करण्याची क्षमता कमी मिळते, हे डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी इतर संस्थांच्या सहकार्याने २०१२ मध्ये दाखवून दिले. जुन्या वाणांचे हिरवे खांदे दिसायला चांगले नसतील, पण गोडीत त्यांचा वाटा आहे. रंगांचेही असेच. ब्रँडीवाइन गुलाबी दिसतो तो त्याच्या रंगहीन, पारदर्शक सालीमुळे, आणि चेरोकी पर्पलमध्ये पिकतानाही हरितद्रव्य पूर्णपणे नाहीसे होत नाही, म्हणून त्याला ती तपकिरी-जांभळट छटा येते.

फळ इतके मोठे का होते, हे समजून घेतले की निगा राखण्याच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. टोमॅटोच्या रानटी नातेवाइकांच्या फळात दोनच कप्पे असतात. माणसाने निवड करत करत जे जनुकीय बदल टिकवले, त्यांमुळे फुलातील बीजकोशाचे कप्पे वाढत गेले, आणि आपल्या या मोठ्या वाणांत अनेक लहान, वाकडेतिकडे कप्पे व त्यांच्यामध्ये भरपूर गर असतो. पहिल्या घोसात बऱ्याचदा दोन-तीन फुले एकमेकांना चिकटल्यासारखे एकच रुंद फूल दिसते. त्याचे फळ झाडावरचे सर्वांत मोठे होऊ शकते, पण तेच सर्वांत बेढबही होते. कळी तयार होत असताना हवा थंड असेल तर फळाच्या बुडाशी खपल्यांसारखे वण आणि खोल घड्या पडतात. हा रोग नव्हे. तेवढा भाग कापून टाकला की बाकीचे फळ निर्धोक असते. मी स्वतः पहिले चिकटलेले फूल खुडून टाकते, कारण त्या एका फळासाठी झाड आपली शक्ती फार लवकर खर्च करते. मात्र ज्यांना केवळ वजनाची हौस आहे त्यांनी ते जरूर ठेवावे. ओक्लाहोमातील गॉर्डन ग्रॅहम यांनी १९८६ मध्ये ‘डिलिशस’ या वाणाचे साडेतीन किलोचे फळ पिकवले होते आणि तो विक्रम पुढे पाव शतकाहून अधिक काळ टिकला.

मोठ्या फळाला वेळही मोठा लागतो. ब्रँडीवाइनचे रोप जमिनीत लावल्यापासून पहिले फळ पिकेपर्यंत ऐंशी ते शंभर दिवस जातात, चेरोकी पर्पल सुमारे ऐंशी दिवसांत येतो. आमच्या भागात मेच्या मध्यापर्यंत हिमतुषाराची भीती असते, आणि सप्टेंबर संपता संपता रात्री गारठू लागतात. म्हणून बी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरातच पेरावे लागते. मातीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस राहिले तर आठवड्याभरात अंकुर येतात. त्यानंतर खिडकीतल्या उजेडावर विसंबून राहू नये. मार्चमधला इथला उजेड अपुरा असल्याने रोपे लांबुळकी आणि फिकट होतात, त्यामुळे रोपांच्या वर दोन-तीन इंचांवर साधी एलईडी नळी दिवसातून चौदा-पंधरा तास चालू ठेवणे फायद्याचे ठरते. मेच्या सुरुवातीला रोपे रोज थोडा थोडा वेळ बाहेर सावलीत, मग उन्हात ठेवून काटक करावीत. ‘मदर्स डे’नंतर म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारनंतरच लागवड करावी, असा इथल्या जुन्या बागकामकरांचा ठोकताळा आहे आणि तो पाळण्यासारखा आहे. थंड जमिनीत घाईने लावलेले रोप नुसते उभे राहते, वाढत नाही.

जमिनीबद्दल एकच आग्रह धरते, तो म्हणजे मातीची तपासणी. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा घरगुती बागेची मातीही तपासून देते, आणि सामू (पीएच) ६.२ ते ६.८ च्या दरम्यान आहे की नाही हे एकदा कळले की चुना घालावा की नाही हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागत नाही. नत्रयुक्त खत जपून द्यावे; ते जास्त झाले तर झाड हिरवेगार माजते आणि फुले मात्र उशिरा येतात. रोप लावताना खालची पाने काढून खोड निम्म्याहून अधिक मातीत पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडाला जमिनीखाली नवी मुळे फुटतात. दोन रोपांत किमान तीन फूट अंतर ठेवावे. हे अंतर मेमध्ये वायफळ वाटते, पण ऑगस्टमध्ये तेच पानांमधून वारा खेळता ठेवते.

आधार हा या वाणांच्या बाबतीत अत्यंत गंभीरपणे घेण्याचा विषय आहे. हे सारे वाण सतत वाढणारे आहेत. झाडे सात-आठ फूट उंच होतात आणि एकेका घोसावर दीड-दोन किलो वजन येते. बाजारात मिळणारे तारेचे निमुळते पिंजरे मिरचीसाठी ठीक असतात, या झाडांसाठी नाहीत. काँक्रीटमध्ये घालण्यासाठी विकल्या जाणाऱ्या जाड जाळीचा पाच फूट उंच गोल पिंजरा करून तो दोन खुंट्यांनी जमिनीत पक्का करणे हा मी पाहिलेला सर्वांत टिकाऊ उपाय आहे, आणि एकदा केलेला पिंजरा वर्षानुवर्षे चालतो. पिंजऱ्यात झाड असेल तर सगळे बगलफुटे, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढण्याची गरज नसते. पहिल्या घोसाखालचे तेवढे काढावेत आणि वरचे दोन-तीन वाढू द्यावेत. पानांची सावली राहिली नाही तर जुलैच्या उन्हात फळांवर पांढरे चट्टे पडतात, म्हणून झाड बोडके करण्याच्या मी विरुद्ध आहे.

पाण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ते रोज थोडे नको, आठवड्यातून दोन-तीनदा खोलवर आणि न चुकता हवे. फळाचे बूड काळे पडून कुजू लागले की अनेकजण अंड्याची टरफले झाडाखाली टाकतात, परंतु बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियमची उणीव नसते. पाणी अनियमित झाल्यामुळे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचलेले नसते, आणि टरफले तर त्या हंगामात कुजतही नाहीत. कोरड्या आठवड्यानंतर जोराचा पाऊस आला की याच्या उलट घडते, आतला गर फुगतो आणि साल तडकते. मोठ्या, पातळ सालीच्या फळांना हा धोका सर्वाधिक असतो. जूनमध्ये जमीन तापल्यावर गवताच्या किंवा वाळलेल्या पानांच्या तीन-चार इंच जाडीच्या आच्छादनाने ओल टिकून राहते आणि पावसाने उडणारी माती पानांवर चढत नाही.

या सगळ्यापेक्षा अवघड टप्पा फुलांचा असतो. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि परागीभवन बहुधा त्याच फुलात होते. परंतु पराग नळीसारख्या पुंकेसरांच्या आत असल्याने ते बाहेर पडायला थरथर लागते, आणि ती वाऱ्याने किंवा गुंजारव करणाऱ्या मोठ्या रानमाश्यांनी मिळते. मधमाशी हे काम करू शकत नाही. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही ते २१ ते २४ अंशांच्या खाली उतरले नाही, तर पराग निकामी होतात आणि फुले देठापाशी पिवळी पडून गळतात. रात्र १३ अंशांहून थंड असेल तरीही तेच होते. न्यू जर्सीच्या जुलैत असे दमट, उष्ण दिवस सलग येतात, आणि त्या काळात ब्रँडीवाइनवर एकही फळ धरत नाही असे चित्र दिसते. तेव्हा खत वाढवून उपयोग नसतो. हवा सौम्य असलेल्या दिवसांत, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात, सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या मागच्या बाजूला विजेवर चालणारा टूथब्रश क्षणभर टेकवला की परागांचा पिवळा धूर उडालेला दिसतो. हंगामातली बहुतेक मोठी फळे या दोन-तीन आठवड्यांतच धरतात. चेरोकी पर्पल उष्णता जास्त सोसतो, म्हणून ज्याच्याकडे एकाच रोपाची जागा आहे त्याला मी चेरोकी पर्पल सुचवते. ब्रँडीवाइनची चव त्याहून श्रेष्ठ आहे, पण तो कमी फळे देतो, हे ठाऊक असूनच लावावा.

रोगांबाबत मात्र या वाणांची बाजू लंगडी आहे. आधुनिक संकरित वाणांत मर रोग आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी यांना प्रतिकार करणारी जनुके मुद्दाम आणलेली असतात, ती यांच्यात नसतात. लवकर येणारा करपा आणि पानांवरचे ठिपके खालच्या पानांपासून चढतात. ती पाने दिसताच काढावीत, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे आणि त्याच जागी पुढची दोन-तीन वर्षे टोमॅटो, बटाटा, वांगे लावू नये. उशिरा येणाऱ्या करप्याला क्षमा नाही. २००९ च्या थंड, पावसाळी उन्हाळ्यात मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या रोपांबरोबर तो अमेरिकेच्या साऱ्या ईशान्य भागात पसरला होता. त्याची लक्षणे दिसलेले झाड उपटून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकणे हीच शेजाऱ्यांच्या बागेविषयीची जबाबदारी आहे.

फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे हा समज सर्वत्र आहे, पण मोठ्या वाणांसाठी तो मला मान्य नाही. बुडाशी गुलाबी रंगाची पहिली झाक दिसली की फळ पिकण्याची क्रिया आतून सुरू झालेली असते आणि पुढचे पिकणे त्याच्या स्वतःच्या इथिलीन या वायूवर होते. त्या वेळी ते काढून घरात विशीच्या आसपासच्या तापमानात, उन्हाबाहेर ठेवले तर चवीत जाणवेल असा फरक पडत नाही, आणि पावसाने तडकणे, खारींचे दात, हरणांची रात्रीची फेरी यांतून ते वाचते. तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्यही नीट तयार होत नाही, त्यामुळे कडक उन्हाळ्यात घरात पिकलेले फळ अधिक रंगदार होते. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. पाच अंशांवर आठवडाभर ठेवल्याने साखर आणि आंबटपणा फारसा बदलला नाही तरी सुगंध देणारी द्रव्ये कमी होतात आणि बाहेर काढल्यावरही ती पूर्ण भरून येत नाहीत, हे फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सिद्ध केले.

स्वयंपाकात या फळांचा मान राखला जावा असे वाटते. सारासाठी, चटणीसाठी आंबट गावठी टोमॅटोच हवेत; ब्रँडीवाइन शिजवणे म्हणजे हापूसचा आमरस गॅसवर ठेवणे. जाड चकत्या, मीठ, थोडी ताजी मिरपूड, इतके पुरते. कोशिंबीर करायची असेल तर दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालावी, दही घालू नये, आणि फोडणी थंड झाल्यावरच वरून घालावी.

बी धरताना सर्वांत मोठे फळ निवडण्याचा मोह होतो, पण निवड झाडाची करावी: जे निरोगी राहिले, ज्याने उन्हातही फळ धरले, त्याच्या खालच्या घोसातले उत्तम फळ बियांसाठी राखावे. बटाट्यासारख्या पानांच्या ब्रँडीवाइनमध्ये स्त्रीकेसर बऱ्याचदा पुंकेसरांच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे माशीने दुसऱ्या वाणाचे पराग आणण्याची शक्यता अधिक असते. ज्या घोसाचे बी धरायचे त्यावर फुले उमलण्यापूर्वीच पातळ जाळीची पिशवी बांधावी आणि फळ धरल्यावर ती काढून देठाला दोरा बांधून ठेवावा. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणासह त्या दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्याव्यात, मग धुऊन चिनी मातीच्या बशीवर सावलीत वाळवाव्यात. कोरड्या, थंड जागी त्या पाच-सहा वर्षे सहज उगवतात.

पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून हे बी आणण्याची मागणी नेहमी होते, आणि ती मी नाकारते. भारतात बियाणे आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. फळांवर चट्टे आणणाऱ्या टोमॅटोच्या नव्या विषाणूमुळे अमेरिकेनेही २०१९ मध्ये टोमॅटोच्या बियाण्यावर निर्बंध घातले होते, म्हणजे उलट दिशेनेही ते खिशातून नेण्याची गोष्ट नव्हे. भारतातच वाढवलेले या वाणांचे बी विकत मिळते, तेच घ्यावे. देशावर पेरणी ऑगस्टच्या अखेरीस पावसाच्या आडोशाला करावी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोपे जमिनीत किंवा निदान चाळीस लिटरच्या कुंडीत लावावीत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुखद रात्री फुलांच्या वाट्याला येतात. कोकणात आणि मुंबईत रात्री त्या मानाने उबदार राहतात, म्हणून तिथे लागवड महिनाभर पुढे ढकलून फुले डिसेंबर-जानेवारीत आणावीत आणि चेरोकी पर्पलवरच भर द्यावा. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या आणि पाने वळवून टाकणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूला हे वाण सहज बळी पडतात, त्यामुळे रोपे उगवल्यापासून पहिली कळी दिसेपर्यंत त्यांवर बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी असलीच पाहिजे.